सर्व्हरकाका

सर्व्हरकाकांनी गाणं ऐकायला बोलावलं, तर घरून जेवून निघावं. आमंत्रण संध्याकाळी सहाचं असतं. साडेसहाला टीव्हीखालची काळी डबी सुरू होते, सातला ती राउटरला ओळख दाखवायला नकार देते, आणि आठच्या सुमारास काका मोबाइलवरची नजर न काढता म्हणतात, "दोनच मिनिटं. लायब्ररी रीस्कॅन होतेय." तेवढ्यात स्वयंपाकघरात काकूंच्या कारवाँवर दहाबारा गाणी होऊन गेलेली असतात. सारेगामाची ही पेटी 2017 साली बाजारात आली, ती पाच हजार गाणी पोटात घेऊनच. बटण फिरवलं की गाणं लागतं. काका तिला 'ते खेळणं' म्हणतात.

ही जमात पुण्या-नाशकात आहे, ठाण्या-डोंबिवलीत आहे, आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या तळघरातही आहे. वय पन्नाशीच्या पुढे. जन्म कारखान्यात किंवा कॉम्प्युटरसमोर गेलेला. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला हजेरी. घरात एक कपाट सीडींचं, त्याच्या खाली कॅसेटींचे खोके, आणि त्या खोक्यांवरून गेली कित्येक वर्षं चाललेला एक संसारी वाद. त्या वादावर तोडगा म्हणून काकांनी एके दिवशी जाहीर केलं की सगळं गाणं एका डिस्कवर भरायचं, कुठल्याही खोलीत फोनवरून लावायचं आणि खोके हलवायचे. काकूंना शेवटचा भाग आवडला. तो अजून व्हायचा आहे.

कारण वाटा दोन निघाल्या. पहिली वाट तयार पेटीची. ब्लूसाउंडची व्हॉल्ट घ्या, नाहीतर इनुओसची झेन. सीडी खाचेत सरकवली की पेटी ती आपणहून उतरवून घेते, नेटवरून नाव आणि चित्र शोधून लावते आणि वाजवायला तयार होते. किंमत लाखाच्या घरात, आणि तिथून पुढे कितीही. दुसरी वाट घरी जुळवायची. रास्पबेरी पाय हा एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर 2012 साली निघाला, तेव्हापासून जगभरच्या काकांचे हात शिवशिवताहेत. त्याच्या डोक्यावर डॅकची, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी, पट्टी बसवायची, शेजारी हार्ड डिस्क लावायची, आत व्हॉल्युमिओ किंवा मूडसारखं फुकटचं सॉफ्टवेअर टाकायचं. काम पंधरा-वीस हजारांत होतं, असं काका म्हणतात. पुन्हा पुन्हा किती पंधरा-वीस हजारांत, ते काकूंनी लिहून ठेवलं आहे.

काकांचा एक तक्ता आहे एक्सेलमध्ये. आडवे रकाने तेवीस: डॅकची चिप, पंखा आहे की नाही, गॅपलेस, कंपनी कुठली, ती बुडाली तर काय. 'वाजतं का' हा रकाना नाही. तो विचारणाऱ्याकडे काका ज्या नजरेनं बघतात, तीच नजर मैफलीत समेवर बोलणाऱ्यासाठी राखीव असते.

काकांची थट्टा करणं सोपं, पण अडचण अशी की त्यांचं बोलणं बहुतेक वेळा खरं असतं. कंपनी बुडण्याचंच घ्या. स्क्वीझबॉक्स नावाच्या लाडक्या पेट्या करणारी स्लिम डिव्हाइसेस ही कंपनी 2006 साली लॉजिटेकनं घेतली आणि 2012 साली त्या पेट्या बनवणं थांबवलं. मात्र तिचं सर्व्हर-सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं होतं, म्हणून हौशी मंडळींनी ते जगवलं. आज ते लिरियन या नावानं नांदतं आहे. "कंपनी गेली, पेटी गेली, पण घरी जुळवणारे वाचले," असं सांगताना काकांचा आवाज पानिपतावरून परतलेल्या सरदारासारखा होतो.

दुसरा मुद्दा नावांचा. ही सगळी सॉफ्टवेअरं गाणं, गायक आणि अल्बम एवढ्याच संसाराची. त्यात ख्याल कुठे बसवायचा? काकांच्या डिस्कवर भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि जोशी भीमसेन असे चार वेगळे गवई नांदत होते. सगळ्यात मोठी कारकीर्द मात्र 'अज्ञात कलाकार' यांची. त्यांनी ठुमरीपासून नाट्यसंगीतापर्यंत सगळं गायलं आहे, आणि त्यांच्या चिजेचं नाव नेहमी 'ट्रॅक 01'. काकांना हवं आहे ते असं: अप्पा जळगावकरांची पेटी साथीला असलेले सगळे यमन एका बोटासरशी समोर यावेत. फ्लॅक या पद्धतीच्या फायलीत आपल्याला हव्या त्या नावाचा रकाना करता येतो, राग म्हणा, ताल म्हणा, संगतकार म्हणा. पण पुष्कळ तयार पेट्या तो रकाना दाखवतच नाहीत. काकांनी मग सगळे रकाने हातानं भरायला घेतले. काम पूरियापर्यंत आलं होतं, तेवढ्यात शंका निघाली की मध्यंतराच्या आधी आणि नंतर गायलेला एकच राग एक धरायचा की दोन. हे चार मित्रांना विचारलं. मित्रांची आता आपसात बोलाचाल नाही.

तिसरा मुद्दा हुकमाचा. सीडी गिळणाऱ्या पेट्या मिळतात, कॅसेट गिळणारी दाखवा. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. आधी डेकच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवून आवाज मोकळा करायचा, मग शेजारी बसून राहायचं. काकांच्या खोक्यात आकाशवाणीवरून रात्री जागून टिपलेली मैफल आहे. तिच्यात द्रुत रंगात आलेलं असताना कुकरच्या तीन शिट्या होतात. त्या पुसाव्यात असं मुलानं सुचवलं, तर काका म्हणाले, "तो आईचा कुकर आहे." त्या दिवशी कोणी थट्टा केली नाही.

इथपर्यंत काकांची बाजू बळकट. पुढे ती घसरते. सीडीवर आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येक 16 बिटांचा. फ्लॅकमध्ये बांधले की जागा साधारण निम्मी होते, आणि उलगडल्यावर एक बिटही इकडचा तिकडे होत नाही. या हिशेबानं पाचशे सीडी दोनशे जीबीच्या आसपास बसतात. काकांनी आठ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. एक दुसरीचा आरसा. मग कळलं की आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं. म्हणून तिसरी डिस्क, जी बहिणीकडे कोथरूडला देवघरात असते. गुरुवारी वीज गेली की पायचं मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून यूपीएस. यूपीएस गुणगुणतो आणि तानपुऱ्यात मिसळतो, म्हणून सगळं बिऱ्हाड माळ्यावर. माळ्यावर उकडतं, म्हणून त्याला पंखा. घरातला एकच पंखा असा आहे की जो वर्षभर बंद होत नाही, आणि त्याखाली माणूस बसत नाही.

"अहो, ती तयार पेटीच आणा ना," काकू अधूनमधून म्हणतात.

"विकतची चकली आणि घरची चकली, फरक आहे की नाही?"

"आहे. घरची चकली मी करते, आणि ती दिवाळीला होते. तुमच्या सर्व्हरच्या किती दिवाळ्या गेल्या?"

काकांचा खरा स्वभाव मात्र सल्ला देताना कळतो. दुसऱ्यानं विचारलं की ते ठामपणे सांगतात, "तयार पेटी घ्या. डोक्याला ताप नाही." डॉक्टरी थाटात, एका वाक्यात. स्वतःच्या बाबतीत तो उपाय त्यांना चालत नाही. पेटी विकत आणून ती पहिल्याच दिवशी वाजली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं काय? आणि पाहुण्यांना दाखवायचं काय? नीट चाललेल्या वस्तूबद्दल घरात कोणी काही विचारत नाही. रिटायर झाल्यापासून काकांना कोणी फारसं काही विचारत नाही, एवढ्या एका डबीबद्दल सोडून.

दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या शेजाऱ्यांनी तो सल्ला मानला. पेटी आली. तासाभरात वाजली. ते रोज सकाळी दाढी करताना भटियार लावू लागले, आणि जिन्यात भेटल्यावर काकांना म्हणू लागले, "तुमच्यामुळे गाणं घरात आलं हो." काका हसत, पण ते हसू जिन्यातच राही.

शेवटी काका एकदा ऐकायला वर गेले. डोळे मिटून बसले. विलंबित संपून द्रुत सुरू झालं तसे त्यांनी डोळे उघडले.

"ऐकलंत?"

"काय?"

"फट. दोन ट्रॅकच्या मधे. तुम्ही सगळं एमपीथ्रीमध्ये उतरवलंय. तानपुरा क्षणभर तुटतो."

शेजाऱ्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. काकांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. चौथ्यांदा शेजाऱ्यांचा चेहरा उतरला.

तेव्हापासून त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही. परवा ते जिन्यात थांबवून मला विचारत होते, तापकीर गल्लीत ती डॅकची पट्टी कुठल्या दुकानात मिळते. हातात छापलेला एक तक्ता होता, रकाने अजून सातच. काका फार समाधानात आहेत. ते म्हणतात, शेजारी आता कुठे गाणं ऐकायला लागले.