सात बाया, तीन तिकिटं

दारव्ह्याच्या स्टँडवर कंडक्टरने आम्हाला एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. "सहा अर्धी आणि एक शून्य," मास्तरीणबाईंनी त्याची सुटका केली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याच्या आदल्या वर्षापासूनच फुकट, आणि आमच्या मावशी शहात्तर वर्षांच्या. म्हणजे सात बाया आणि पैसे तीन माणसांचे. "सरकारच्या हिशेबानं आपण तिघीच चाल्लो," म्हणत मावशींनी खिडकी पटकावली.

निमित्त देवीचं. आमच्याकडे बाईला रात्रभर घराबाहेर राहायचं तर एक तर लेक बाळंत व्हायला हवी, नाही तर नवरात्र लागायला हवं. "सिनेमाले जातो" म्हणून पाहा, घरात चौकशी आयोग बसतो. "यवतमाळले देवी पाहाले जातो" म्हणा, सासूच दहाची नोट मुठीत कोंबते, "माह्या नावानं टाक." दुर्गोत्सवात कोलकात्याखालोखाल आपलाच नंबर, असं यवतमाळकर छातीठोक सांगतात. कोलकातेकरांना कोणी विचारलेलं नाही. पण नवरात्रातल्या रात्री दत्त चौकात उभं राहून हे खोटं म्हणायची माझी तरी छाती नाही.

घोडं अडलं होतं ते अखंड दिव्यापाशी. घटाजवळचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही, आणि त्या रात्री ताबा ह्यांच्याकडे. तेल घालायचं, वात सरकवायची, पंखा लावायचा नाही, एवढंच काम. पण ह्यांची पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत गेलेली. ते म्हणाले, "लेखी दे." दिलं. खाली सही मागितली, तीही केली.

गाडी सुटली. बाहेर कपाशीची बोंडं फुटायला लागलेली, सोयाबीनच्या गंज्यांवर ताडपत्र्या. माजी सरपंचीणबाईंनी खिडकीतूनच दोन-चार जणांचं उत्पन्न काढून टाकलं. मावशींना मात्र शकुंतला आठवली. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर अरुंद रूळ; १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. मावशी नवरी होऊन दारव्ह्याला आल्या त्या याच गाडीने.

"उतरून बोरं तोडाची अन् पुन्हा चढाचं," मावशी म्हणाल्या.

"चालत्या गाडीतून?" मास्तरीणबाईंनी डोळे मोठे केले.

"चालत होती कुठी वो ते!"

त्या दिवशीचा रंग होता निळा. नवरात्राच्या नऊ दिवसांना नऊ रंग हे काही पोथीत नाही, ते पेपरात येतं. पण पोथीपेक्षा पेपर जास्त पाळला जातो. आकाशी चालेल की गडदच हवा, यावर आमच्या भिशीच्या ग्रुपवर पंधरा दिवस खल झाला होता. शेवटी सगळ्यांनी गडद निळ्या साड्या नेसल्या, एकीने तर ब्लाउजसाठी शेजारणीशी असलेला अबोला सोडला. "गर्दीत एकमेकींना चटकन ओळखू येऊ," हा त्यामागचा विचार. यवतमाळात उतरलो तर अख्खं गाव निळं! बसस्थानक चौकापासून नजर जाईल तिथवर निळ्या बाया. तोच पेपर त्यांच्याकडेही येत होता.

तिसऱ्या देवीपाशी मावशी हरवल्या.

मंडळाच्या माइकवर एक पोरगा बसला होता. "वर्णन सांगा, काकू."

"निळी साडी."

त्याने समोरच्या गर्दीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अजून काही?"

"चष्मा. अंबाडा. हातात पिशवी."

त्याने इमानदारीत पुकारलं, आणि दहा मिनिटांत चष्मा-अंबाडा-पिशवीवाल्या अकरा आज्या मंचापाशी जमा झाल्या. आमची त्यात नव्हती. एक म्हणाली, "माह्यावाल्या काही सापडून नाही राह्यल्या. तुमीच चाला मंग, कोणत्या देवीले जाऊन राह्यल्या?" तिची माणसं सापडेपर्यंत आम्ही पुन्हा सातजणी झालो होतो, त्यामुळे काही वेळ मावशींची उणीवही भासली नाही, हे कबूल करायला हवं.

मावशी सापडल्या पलीकडच्या चौकात, महाप्रसादाच्या मांडवात. पंगतीत नव्हे. पदर खोचून, हातात डाव घेऊन मसालेभात वाढत होत्या. "पोट्ट्याईले वाढता येते का कुठी? अर्धा भात भुईवर." घरून स्वयंपाकाला सुट्टी म्हणून निघालेली बाई दोनशे पानं वाढून बसली होती, आणि स्वतःला नऊ दिवसांचा उपास! आमच्यातल्या दोघी उठता-बसता उपास करणाऱ्या, म्हणजे पहिला दिवस आणि शेवटचा. त्या बसल्या, जेवल्या. बाकीच्या पिशवीतली गार साबुदाण्याची उसळ चिवडत बुंदीकडे पाहत राहिलो. बारा वाजले तशी ब्लाउज शिवणारी वहिनी म्हणाली, "तारीख बदलली." मास्तरीणबाईंनी दिवस सूर्योदयाला बदलतो म्हणून तिच्या पानावरची बुंदी वाचवली. अशा वेळी शिकलेली मैत्रीण सोबत नसावी.

मध्ये मध्ये ह्यांचे फोन. पहिला, "तेल तिळाचं की फोडणीचं?" दुसरा, "वात सरकवायची म्हणजे नक्की किती?" तिसरा साडेबाराला. समोर सिंहावर बसलेली अष्टभुजा, ढोल टिपेला, आणि कानात ह्यांचा आवाज, "समजा, विझला तर?" सहाजणींनी एका सुरात ओरडून जे उत्तर दिलं ते देवीसमोर द्यायला नको होतं.

परतीला बस नव्हती. ठरवलेल्या काळी-पिवळीचा पोरगा सात बायका पाहून भक्तिगीतं लावून बसला. बोरीअरब येईपर्यंत मावशींनी सोसलं. मग म्हणाल्या, "देव झाला रे बाप्पा, आता दुसरं लाव काही." त्याने भीतभीत लावणी लावली. मागच्या सीटवर जे झालं ते त्याने आरशात पाहिलं असेल. गाडी मात्र सरळ चालवली.

घरी पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. हे घटासमोर खुर्ची टाकून जागे, मांडीवर माझा सहीचा कागद. आणि घटाशेजारी एका ओळीत चार दिवे तेवत होते.

"हे काय?"

"एक मूळ," हे म्हणाले, "तीन प्रती."