गावचा वल्ली कसा आठवावा : नवशिक्यांसाठी

सर्वांत आधी ‘व्यक्ती आणि वल्ली’ कपाटात ठेवून कुलूप लावा. १९६५ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला खरा, पण त्याच्या नादाने मराठी माणसाला गल्लीतला कुठलाही म्हातारा त्यातला रत्नागिरीचा अंतू बर्वाच दिसतो. तुमचा वल्ली कराडचा असेल, तर तो रत्नागिरीच्या हेलात बोलत नव्हता.

साल आठवत नसेल तर घाबरू नका. कराड-पाटणकडे सोय आहे : वल्ली भूकंपाआधीचा की नंतरचा? (११ डिसेंबर १९६७, पहाटे. कोयनेचा.) त्यानंतर जन्मलेल्यांनी जुलै १९७९ मध्ये अंतराळातून कोसळलेला स्कायलॅब धरावा. तो पडला ऑस्ट्रेलियात, पण आमच्याच वेशीवर पडणार असं छातीठोक सांगणारा एक जण गावोगाव होता.

मग डोकं का फिरलं ते ठरवा. अतिअभ्यास, प्रेमभंग किंवा भाऊबंदकीत गेलेली जमीन, यांतलं एक निवडा. तिसरं बहुधा खरं असतं, म्हणूनच गावात कुणी ते मोठ्याने बोलत नाही. अतिअभ्यास निवडलात तर वल्लीला फाडफाड इंग्रजी यायला हवं. ‘यस, नो, ऑलराइट’ एवढ्यावर भागतं.

आता एक तरी गोष्ट नीट पाहिलेली हवी. ‘विक्षिप्त होता’ म्हणून भागत नाही. एसटी स्टँडवरचा घ्या. खाकी शर्ट, वरचं बटण तुटलेलं. उतारूंनी टाकलेली तिकिटं वेचून, झटकून, आकड्यांप्रमाणे लावून विडीच्या डब्यात ठेवायचा. गाडी मागे येताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत पत्र्यावर दोन थापा मारायचा, आणि ड्रायव्हर खरोखरच थांबायचे. इथे रेंगाळा. पगार नव्हता, पण काम चोख होतं.

दगडांचा विषय निघाला की कर्मणी प्रयोग वापरावा. ‘त्याला दगड मारले जात.’ कुणाकडून, हे वाक्यात मावत नाही.

लेख शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी सदस्यांची यादी वाचा. त्यात वल्लीचा पुतण्या असतो. तो लिहील : ‘काका नववी नापास. लग्न झालेलं, दोन मुली. रोज साडेआठला घरी जेवायला यायचे.’ अशा वेळी वाद घालू नये. हात जोडलेली इमोजी टाकावी आणि काकूंची तब्येत विचारावी.