सीमाभागात व्यावसायिक सायकल संघ : काढावा कसा, बुडवावा कसा आणि ‘पुनर्बांधणी’ जाहीर कशी करावी

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. ४३७ किलोमीटरची शर्यत, देशोदेशीचे संघ, आणि त्यांच्या स्वागताला जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ताजं डांबर. हे बघून बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातल्या निदान एका तरी चेअरमनच्या मनात आलं असणारच, ‘आपला पण एक संघ पायजे की ओ!’ ही मार्गदर्शिका त्या चेअरमनसाठी, आणि ‘तू बघ रे जरा’ म्हणून ज्याला मॅनेजर नेमलंय त्या पुतण्यासाठी आहे. सायकल चालवता येण्याची अट नाही. उलट येत असेल तर लपवा, नाहीतर पहाटे पाचला तुम्हालाही उठवतील.

१. पैसा कुठून येणार, हे विचारू नका

कुस्तीच्या मैदानाला तिकीट लावता येतं. सायकलची शर्यत ताशी पंचेचाळीसच्या वेगाने दारावरून निघून जाते आणि लोक कट्ट्यावर बसून फुकट बघतात. टीव्हीचे पैसे आयोजकाच्या खिशात जातात, अगदी टूर द फ्रान्समध्येसुद्धा. म्हणजे संघ उभा राहतो तो प्रायोजकाच्या चेकवर. चेक थांबला की संघ संपला. फ्रान्सच्या आर्केआ–बी अँड बी हॉटेल्स या संघाचे दोन्ही प्रायोजक गेले आणि सर्वोच्च श्रेणीत खेळलेला हा संघ २०२५ च्या शेवटी बंद पडला. घाबरू नका. तुमचा संघ इतक्या उंचावरून पडणारच नाही.

२. प्रायोजक गाठा

निपाणी म्हटलं की पहिलं नाव तंबाखूचं सुचतं. सुचू द्या आणि सोडून द्या. २००३ च्या कायद्याने तंबाखूवाल्याला खेळाचा प्रायोजक होता येत नाही. मग बेळगावच्या उद्यमबागेतला फाउंड्रीवाला बघा, कुंद्याचं दुकान बघा, साखर कारखाना बघा. कारखान्याकडे गळीत हंगामात जाऊ नका, वेळ नसतो. हंगामानंतरही जाऊ नका, पैसे नसतात.

भेटीत इतिहास सांगा. तो आपल्याकडे अस्सल आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलचं दुकान काढलं. मुंबईहून सायकली यायच्या, भाऊ रामुअण्णा त्या सातशे ते हजार रुपयांना विकायचे आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घ्यायचे. बेळगावात सायकलवर नफा झाल्याचं हे ठळक उदाहरण आहे. पुढे त्यांनी काय केलं हे मात्र प्रायोजकाला सांगू नका. ते शेवटच्या कलमासाठी राखून ठेवलंय.

३. जर्सी छापा

इथे नवशिके घसरतात, तेव्हा सावकाश वाचा. काळा रंग घेतलात तर १ नोव्हेंबरच्या निषेध फेरीतले समजतील. लाल-पिवळा घेतलात तर त्याच दिवशीच्या कन्नड राज्योत्सवातले समजतील. भगव्याबद्दल चार लोकांना विचारा, पाच मतं मिळतील. उरतो राखाडी. तसाही हायवेवर दोन दिवस सराव झाला की सगळ्यांच्या जर्सीचा रंग तोच होतो.

अक्षरांचंही बघा. दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड हवं असा नियम आहे. जर्सी हा फलक आहे का, हे ठरवणारा माणूस तुम्हाला रस्त्यातच भेटेल. संघाच्या गाडीचा नंबर केए-२२ असेल तर कोल्हापुरात आणि एमएच-०९ असेल तर बेळगावात ती कुठे लावता याचा विचार करा. तणावाच्या दिवसांत दोन्हीकडच्या बस सीमेवरूनच मागे फिरतात, तिथे तुमच्या जीपचं काय!

संघ महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा, असं कुणी विचारलं तर गंभीर चेहऱ्याने सांगा, ‘बाब न्यायप्रविष्ट आहे.’ सर्वोच्च न्यायालयात सीमावादाचा दावा २००४ पासून आहे. तुमच्या संघाचं आयुष्य त्यामानाने फारच कमी असणार.

४. उद्घाटन दणक्यात करा

वार्षिक खर्चाचा मोठा भाग इथेच संपवा. मंडप, डिजिटल फलक, फलकावर चेअरमनचा चेहरा आणि खालच्या पट्टीत एकत्र केलेले खेळाडू. शाल आणि श्रीफळ दिल्यावर फेटे बांधा, मग कुणाच्या तरी लक्षात येईल की फोटोत हेल्मेट हवं. फेट्यावर हेल्मेट बसत नाही. बसवून बघतील, बकल गळ्याला चिमटा काढेल आणि फोटोग्राफर म्हणेल, ‘हातात धरा, तेच बरं दिसतंय.’ मग दहा मुलं तंग चड्डीत, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात हेल्मेट घेऊन पाच भाषणं ऐकतील. त्या चड्डीला आत गादी असते. ती बसण्यासाठी आहे, पण उद्घाटनाला खुर्च्या पाहुण्यांना पुरत नाहीत.

५. माणसं निवडा

इथे काळजी घ्या. खरी ताकद असलेली मुलं फार जवळ आहेत आणि त्यांना घेतलंत तर जिंकण्याचा धोका संभवतो. विजापूर-बागलकोटकडे सायकलिंग घराघरांत मुरलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळीच्या पूजा दानोळेने खेलो इंडियात सुवर्णपदकं मिळवली. ही माणसं धोरणपत्रिका न वाचताच पुढे जातात आणि मॅनेजरला करायला काही उरत नाही.

तेव्हा संघात एक ‘स्टार’ ठेवा, बाकीचे पाणके. ही थट्टा नव्हे. जगभरात सायकल संघ असाच चालतो. पाणक्याने मागे जाऊन गाडीतून बाटल्या आणायच्या, पाठीत जर्सीखाली कोंबायच्या, पुन्हा जोर मारून घोळक्यात शिरायचं आणि बाटल्या वाटायच्या. शिवाय वारा आपल्या छातीवर घ्यायचा. मागच्याचे त्यामुळे साधारण तीस टक्के कष्ट वाचतात. घाट सुरू झाला की स्टार पुढे जातो आणि पाणक्या दिसेनासा होतो. स्टारचा पगार लाखांत. पाणक्याला ‘कुटुंबाचा एक भाग’ म्हणायचं. कुटुंबातल्या माणसाला कुणी पगार देतं का?

६. सराव घ्या

बेळगावहून निपाणी साधारण पंचाहत्तर किलोमीटर. काकती, वंटमुरी घाट, हत्तरगीचा टोल, संकेश्वर, तवंदी घाट. सायकलला टोल नाही, एवढीच या खेळाला मिळालेली सरकारी मदत. रस्ता रुंद होतच असतो, त्यामुळे काल जिथे सरळ होतं तिथे आज वळणरस्ता असतो. खेळाडूंची चपळता वाढते.

हिवाळ्यात उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की शास्त्रीय सरावाची उत्तम सोय होते. दोन ट्रॉल्यांच्या मागे वारा अजिबात लागत नाही. गाणी फुकट, कन्नड आणि मराठी आलटून पालटून. मात्र ऊस कधी खाली येईल ते सांगता येत नाही आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. सेवा रस्त्यावर समोरून येणारा मोटारसायकलवाला चुकीच्या बाजूने येतोय असं वाटेल. त्याच्याशी वाद घालू नका, तो रोजचा आहे.

१ नोव्हेंबरला सुट्टी द्या. त्या दिवशी बेळगावात सायकलवर बसलेल्या माणसाला खेळाडू मानण्याची पद्धत नाही. १९५६ पासूनचा तो हिशेब आहे, तुमच्या हार्ट-रेट मीटरवर दिसायचा नाही.

७. बारीकसारीक सुधारणा करा

ब्रिटनच्या टीम स्कायने २०१० मध्ये सुरुवात करताना जगाला हा मंत्र दिला. प्रत्येक गोष्ट एक टक्का सुधारायची. खेळाडूंच्या गाद्या आणि उशा हॉटेलात सोबत न्यायच्या, हात कसे धुवायचे तेही शिकवायचं. २०१२ ते २०१९ या आठ वर्षांत त्यांनी टूर द फ्रान्स सात वेळा जिंकली. या यशात जगातल्या सगळ्यात मोठ्या अंदाजपत्रकांपैकी एकाचा हातभार होता, ही नगण्य बाब आपण सोडून देऊ. २०१९ मध्येच नाव इनिओस झालेल्या त्याच संघाला त्यानंतरच्या सहा वर्षांत टूर जिंकता आली नाही. उशा बहुधा जुन्या झाल्या असाव्यात.

तुम्ही उशीपासूनच सुरुवात करा. पगार तीन महिने थकला तरी चालेल, उशी वेळेवर हवी. सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली नेता येत नाही, तसा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मोजा किती उंच असावा यालाही नियम आहे. खेळाडूला वेळेवर पैसे मिळावेत यासाठी वरच्या श्रेणीत बँक हमी मागतात. सुदैवाने तुम्ही तिथवर पोहोचणार नाही.

८. हरू लागलात की गुण मोजा

प्रत्येक संघ हरतो. शहाणा संघ हरता हरता गुण गोळा करतो. वरच्या श्रेणीत अठरा जागा, त्या तीन-तीन वर्षांच्या गुणांवर ठरतात. टूर द फ्रान्स जिंकली तर १३०० गुण. त्यासाठी मरेस्तोवर घाट चढावे लागतात. पण लहानसहान शर्यतींत एकाऐवजी चार माणसं पहिल्या दहात आणली तर दाणा दाणा टिपत पोट भरतं. कझाकस्तानच्या अस्तानाने २०२५ मध्ये हेच केलं. घसरणार हे सगळ्यांनी धरलंच होतं. त्यांनी चिनी सायकल कंपनीचा पैसा घेतला, कुठे गुण स्वस्त मिळतात याचा कोष्टक मांडून हिशेब केला, आणि जागा राखली.

तुमच्यासाठी धडा असा, की जत्रेतल्या स्पर्धा सोडू नका. बक्षीस ढाल, मिक्सर किंवा बोकड असलं तरी अहवालात ‘पोडियम’ लिहा. बोकडाचं वजन लिहू नका.

९. पुनर्बांधणी जाहीर करा

आता आपण मुख्य विषयाकडे आलो. पुनर्बांधणी म्हणजे माणसं, रस्ता आणि थकलेला पगार आहे तसा ठेवून बाकी सगळं बदलणं. तीन मार्ग आहेत.

(अ) नाव बदला. १९८० पासून चालत आलेला स्पेनचा एकच संघ रेनॉल्ड्स, बानेस्तो, इयेस बालेआर्स, केस देपार्न्य असं करत करत मोविस्टार झाला. इस्रायल–प्रीमियर टेकने तर २०२६ साठी नाव, रंग आणि नोंदणीचा देश तिन्ही बदलले. सायकली जुन्याच ठेवता येतात. नाव बदललं तरी रस्त्यातले खड्डे बदलत नाहीत, हे बेळगावकरांना नव्याने सांगायला नको.

(ब) विलीन व्हा. बेल्जियमचे लोट्टो आणि अँतरमार्शे हे दोन अडचणीतले संघ २०२६ साठी एक झाले. दोन संघांची माणसं एका संघात बसत नाहीत. जी उरतात त्यांना ‘नव्या संधीसाठी मोकळं’ केलं जातं. हे पत्र शक्यतो डिसेंबरात द्या, म्हणजे दुसरीकडे भरती संपलेली असते. २०२२ मध्ये बी अँड बी हॉटेल्स–केटीएम संघाचं स्वप्न डिसेंबरातच फुटलं होतं, तेव्हा याला परंपरेचा आधार आहे.

(क) पत्रक काढा. नमुना : ‘संघ संक्रमणातून जात असून दीर्घकालीन दृष्टिकोनातून युवा खेळाडूंवर भर देण्यात येईल.’ मराठीत याचा अर्थ, स्टार पळाला आणि पाणक्यांनाच पुढे काढलंय. बातमी छापून आली की कात्रण फ्रेम करा. प्रायोजकाला ते दाखवून आणखी एक वर्ष काढता येतं.

१०. हे मात्र अजिबात करू नका

काही संघ खरोखरच उभे राहिलेत. त्यांचा नाद धरू नका. नेदरलँड्सची राबोबँक २०१२ मध्ये डोपिंगच्या गदारोळात आपल्या संघाचं प्रायोजकत्व सोडून बाहेर पडली. पुढच्या वर्षी तो संघ ‘ब्लँको’ नावाने, कुणाच्याही जाहिरातीविना रस्त्यावर उतरला. २०१५ साली त्यांचे विजय हाताच्या बोटांवर मोजता येत होते. तरी मुलं शोधणं, आहार, सायकलींची तपासणी हे कंटाळवाणं काम ते वर्षानुवर्षं करत बसले. २०२३ मध्ये याच संघाने जिरो, टूर आणि व्हुएल्टा या तिन्ही मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकल्या. म्हणजे दहा वर्षं लागली. एवढ्या काळात आपल्याकडे चेअरमनपदाच्या दोन निवडणुका होतात.

आणि बेळगावचं उदाहरण तर आणखी वाईट. किर्लोस्करांनी सायकलचं दुकान सोडून चारा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर त्यांनी सगळं पहिल्यापासून मांडलं. गिऱ्हाईक येईपर्यंत माल सुधारत बसायचं आणि कारागिरांना धरून ठेवायचं, एवढंच त्यांचं धोरण.

तुमच्या चेअरमनना विचारून बघा, मुलांचा पगार दर महिन्याला देऊन दोन वर्षं निकालाची वाट बघाल का? विचारायला जाताना सायकल बाहेर तोंड करून लावा आणि कुलूप घालू नका.