पार्किंगमधला मेस्त्री

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर नटबोल्ट मांडणारा एक गृहस्थ हमखास दिसतो. आठवडाभर तो बँकेत असतो. गॅरेजवर त्याचा काडीचा विश्वास नाही. ‘पोरं नुसती ठोकतात हो!’ हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याची गाडी बहुधा जुनी स्प्लेंडर. 97.2 सीसीचं हे इंजिन 1985 च्या सीडी 100 पासूनच्या घराण्यातलं, हे तो न विचारता सांगतो. आरएक्स 100 वाल्या शेजाऱ्याची त्याला कीव येते. टू-स्ट्रोक! ना टॅपेट, ना कॅम, ना टायमिंग चेन. काळजी करायची तरी कशाची?

बाहेरच्या कामात त्याचा हात बेधडक चालतो. हेड उतरलं की मात्र चेहरा सोवळ्यातल्या भटजीसारखा होतो. टायमिंग चेन सुटून आत पडू नये म्हणून तिला तार बांधायची असते. तार सापडेपर्यंत ती धरायला बायको.

‘अहो, वर गॅसवर दूध ठेवलंय.’

‘दूध परत आणता येईल. चेन सोडू नकोस!’

मग मुख्य विधी. मॅग्नेटवरची टीची रेघ केसिंगच्या खुणेसमोर, वर कॅम स्प्रॉकेटची खूण हेडवरच्या खाचेसमोर. चेन चढवताना मॅग्नेट जरा हललं की पुन्हा पहिल्यापासून. मोबाइलचा टॉर्च धरलेला पोरगा कंटाळून विचारतो, ‘एक दाता चुकला तर काय होतं काका?’

झालं! क्रँकचे दोन फेरे तेव्हा कॅमचा एक. स्प्रॉकेटला 28 दाते धरले, तर एका दात्याची चूक म्हणजे क्रँकचे जवळजवळ 26 अंश. वॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतो, गाडी ओढत नाही. चूक आणखी वाढली तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतो. पोराचा हात दुखतो, टॉर्च खाली येतो, व्याख्यान चालूच.

खरी पंचाईत पुढे असते. चेन वापरून लांबलेली. त्यामुळे खूण खाचेच्या किंचित अलीकडे थांबते आणि एक दाता सरकवला की चांगलीच पलीकडे जाते. गॅरेजमधला पोरगा जवळची बाजू पकडून बोल्ट आवळतो आणि चहाला जातो. आपला गृहस्थ दुपारपर्यंत अलीकडे-पलीकडे करतो, पण नवी चेन आणत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून शिकावी. जोडणी झाली तरी तो लगेच किक मारत नाही. मॅग्नेट हाताने सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवतो, कुठे अडतंय का बघतो, खुणा पुन्हा तपासतो आणि मगच टॅपेट सेट करतो. घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते. तेव्हा तो मॅग्नेट फिरवत असताना ‘काय, झाली का गाडी?’ असं कृपा करून विचारू नका. सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, आणि टॉर्च तुमच्या हातात येईल.