यादीत नसलेली सदाशिव पेठ

सदाशिव पेठ अस्तित्वात नाही, असा निर्वाळा पुण्यातील एका कचेरीच्या संगणकाने अलीकडेच दिला असून, पेठेतील रहिवाशांनी त्याची दखल घेण्याचेही नाकारले आहे, हे त्यांच्या लौकिकास साजेसेच झाले. या कचेरीत अर्जदारांची नोंद ॲक्सेस या डेटाबेस प्रणालीत बांधलेल्या एका फॉर्मात होते आणि पिनकोडाच्या रकान्यात कॉम्बो बॉक्स, म्हणजे यादीतून निवडा अथवा स्वहस्ते टाइप करा, अशी उदार तजवीज आहे. मात्र कारकुनाने पेठेचे ४११०३० हे सहा अंक टाइप करून एन्टर दाबला रे दाबला की, सदर मजकूर यादीत नाही, असे फर्मान पडद्यावर झळकते, आणि एस्केप दाबून माघार घेतल्याखेरीज पुढील रकान्यात पाऊल पडत नाही. यादी उघडावी, तर तेच सहा अंक तेथे सुखेनैव विराजमान!

या चमत्काराची चौकशी करता दोन अंमलदारांची नावे पुढे येतात. पहिला 'इनपुट मास्क'. त्याच्या सनदेत अर्धविरामांनी विभागलेली तीन कलमे असतात: पहिल्यात अंकांची मांडणी, दुसऱ्यात मांडणीपुरती घातलेली चिन्हे दप्तरी ठेवावीत की नाही याचा हुकूम, आणि तिसऱ्यात रिकाम्या घरात काय दाखवावे याची तरतूद. दुसऱ्या कलमात शून्य असेल तर चिन्हे ठेवायची, एक असेल किंवा काहीच नसेल तर गाळायची. येथे शून्य आहे. त्यामुळे तीन अंकांनंतर मास्कने आपण होऊन सोडलेली मोकळी जागाही मजकुराचा अविभाज्य भाग ठरते. दुसरा अंमलदार 'लिमिट टू लिस्ट'. यादीबाहेरील इसमास आत घेऊ नये, एवढेच त्याचे ब्रीद, आणि यादीतील पिनकोड तर सलग लिहिलेले. उभयतांचे वर्तन नियमास धरून आहे. अपराधी कोण ठरत असेल, तर तो सदाशिव पेठेत राहणारा अर्जदार.

वास्तविक ही मोकळी जागा निरर्थक नव्हे. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड प्रचारात आला, तेव्हा पहिल्या तीन अंकांनी वर्गवारीचा जिल्हा आणि उरलेल्या तिहींनी वाटपाचे टपाल कार्यालय दाखवावे, अशी योजना झाली. मधली जागा वाचणाऱ्याच्या डोळ्यांची सोय पाहते. डोळ्यांची सोय दप्तरात रुजू करून घेणे, हा मात्र कचेरीचा स्वतंत्र पराक्रम होय.

इलाज सोपा होता: दुसऱ्या कलमातील शून्य खोडून तेथे एक लिहावा. परंतु ज्या दुरुस्तीस निविदा लागत नाही, तिच्यावर जबाबदार माणसांचा विश्वास बसत नाही. म्हणून साधकबाधक विचारान्ती यादीतच प्रत्येक पिनकोड दोनदा, एकदा सलग आणि एकदा जागेसह, दाखल करण्यात आला. तक्रारी थांबल्या. पुढे वार्षिक गोषवारा निघाला, तेव्हा जुन्या सलग नोंदी एका ओळीत आणि नव्या, जागा असलेल्या, दुसऱ्या ओळीत मोजल्या गेल्या. प्रत्येक विभागातील अर्जदार निम्म्यावर आल्याचे त्यावरून सिद्ध झाले, आणि अर्ज स्वीकारण्याची एक खिडकी बंद करण्याचा प्रस्ताव 'आकडे बोलके आहेत' या शेऱ्यानिशी तत्काळ मंजूर झाला.