उरफाटी तुला

वर्गणी मागायला येणाऱ्याच्या हातात पावतीपुस्तक असतं. नाना येतात ते पोट घेऊन. दार उघडलं की आधी ते आत येतं, मागून नाना, आणि सोफ्यावर टेकता टेकता पहिलं वाक्य, "हे सगळं समाजाला देऊन टाकायचं ठरवलंय."

ऐकणाऱ्याला वाटतं, फ्लॅट दान करतायत की काय. मग नाना खुलासा करतात. वजन ९४ किलो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनपर्यंत उतरवायचं. जेवढे किलो उतरतील तेवढ्याचे पैसे आपण, म्हणजे तुम्ही, शहापूरकडच्या मुलींच्या वसतिगृहाला द्यायचे. "मला त्यातला एक रुपया नको," हे ते अशा चेहऱ्याने सांगतात, की आपण तो देऊ केला होता असं आपल्यालाच वाटायला लागतं.

ठाण्याच्या नौपाड्यातले, बँकेतून व्हीआरएस घेतलेले हे नाना तुम्हाला पार्ल्यात, डोंबिवलीत, कोथरुडातही भेटतील. वय पन्नाशीच्या पुढे, मुलगा मार्गी लागलेला, डॉक्टरांनी एकदा दम दिलेला. नुसतं डॉक्टरांसाठी वजन उतरवणं त्यांच्या स्वभावात बसत नाही. आयुष्यभर त्यांनी स्वतःसाठी म्हणून काहीच केलेलं नाही. गोव्याला गेले तेही वहिनींना हवापालट म्हणून. त्यामुळे पोट उतरवायलाही एखादं सामाजिक कारण लागणारच. ते पुरवलं इंग्लंडमधल्या भाच्याने. तिकडे ही पद्धत जुनीच आहे. माणूस खाणं आवरतो, शेजारीपाजारी पौंडामागे पैसे लावतात, ते कुठल्याशा रुग्णालयाला जातात. लंडन मॅरेथॉनमध्ये तर लोक गेंड्याचा सांगाडा अंगावर चढवून गेंड्यांसाठी पैसे जमवतात. नानांना सांगाड्याची गरज नव्हती.

आपल्याकडेही दानाशी वजनाचा संबंध आहेच. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांची सुवर्णतुला झाली. अलीकडे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला पेढ्यांची, वह्यांची, रक्ताच्या बाटल्यांची तुला होते. या सगळ्यात माणूस जितका भरभक्कम, तितकं दान मोठं. नानांनी ही तुला उरफाटी केली. माणूस जितका कमी, तितकं दान जास्त. कल्पना झकास होती. तिच्यातली फट सोसायटीतल्या सीएंच्या तेवढी लगेच लक्षात आली. पैसे लावणाऱ्या प्रत्येकाचा फायदा नाना जाडच राहण्यात होता!

बी विंगमधल्या या सीएंनी भर बैठकीत, सगळ्यांच्या देखत, किलोमागे हजार रुपये लावले. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात त्यांच्या घरून नानांकडे पुरणपोळ्यांचा डबा गेला. "श्रावण आहे, म्हटलं नानांना द्यावं काहीतरी." पाचशेवाल्या काकूंनी गणपतीत एकवीस मोदक पाठवले, वर तुपाची वाटी वेगळी. नवरात्र, कोजागिरीचं मसाला दूध, मग दिवाळी. ज्या घरी इतकी वर्षं फराळाचं ताट वहिनींकडून भरून गेलं आणि रिकामं परत आलं, त्या घरातूनही यंदा अनारसे आले. नानांना गहिवरून आलं. "माणसं किती प्रेम करतात!" असं म्हणत त्यांनी चौथा अनारसा उचलला.

खरं म्हणजे मराठी पंचांग हेच मुळी वजन उतरवू पाहणाऱ्याच्या विरोधात लिहिलेलं आहे. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, उपास सोडायला गोडधोड. मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिसरा रविवार १५ तारखेच्या आधी कधी येऊच शकत नाही. म्हणजे जवळजवळ दर वर्षी धावणाऱ्याला संक्रांत पार करूनच धावायला जावं लागतं. तिळगूळ घ्या, गोड बोला आणि मग पळा. गुळपोळीला नाना 'कार्बोलोडिंग' म्हणतात.

पण सुरुवात दणक्यात झाली होती. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले. नानांनी सोसायटीच्या ग्रुपवर बुटांच्या फोटोसकट आकडा टाकला आणि खाली वसतिगृहाचा क्यूआर कोड. सोसायटीत सन्नाटा. मग तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त केमिस्ट्रीच्या सरांनी मुद्दा काढला, की पहिल्या आठवड्यात उतरतं ते बरंचसं पाणीच असतं. शरीरातला साखरेचा साठा संपतो, तो साठा आपल्या तिप्पट पाणी धरून बसलेला असतो, तेही जातं. चरबी अजून जागच्या जागी आहे. "आणि पाण्याचे पैसे आम्ही महापालिकेला भरतोच," सर म्हणाले. यावर तीन दिवस वाद चालला. शेवटी पाणी धरायचं असं ठरलं, कारण सचिव स्वतः मूत्रपिंडाच्या औषधांवर होते आणि त्यांना विषय वाढू द्यायचा नव्हता.

सर बोलले ते चूक नव्हतं. पुढे महिनाभर काटा हलला नाही. धावताना किलोमीटरमागे साधारण आपल्या वजनाच्या आकड्याइतक्या कॅलरी जळतात. किलोभर चरबीत असतात सुमारे ७,७००. म्हणजे नानांच्या देहाला एक किलो चरबी जाळायला ऐंशीएक किलोमीटर हवेत, तेही तोंड बंद ठेवून. नाना पहाटे उठून तलावपाळीला फेऱ्या मारत. रविवारी उपवनला, एकदा तर येऊरच्या चढाला लागले. कष्टाला माणूस कमी नाही. फक्त परतीची वाट तहसील कचेरीवरून काढायचे, आणि तिथे मामलेदारची मिसळ आहे. "तिखट आहे, घाम येतो," हे त्यांचं समर्थन. घरी आल्यावर दीक्षितांचा दोन वेळा जेवणाचा नियम मात्र कडक पाळत. पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं म्हटल्यावर ते घड्याळ लावून बसत आणि चोपन्नाव्या मिनिटापर्यंत उठत नसत.

पैसे गोळा करणं हा वेगळाच व्यायाम. ज्यांनी हात वर केले होते त्यांना आता ८०जीची पावती हवी होती. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत नाही, हे नाना बँकेतल्या सवयीने सगळ्यांना समजावून सांगत. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मी नवीन करप्रणालीत आहे, नाना. मला पावतीचा काय उपयोग?" जणू करप्रणाली बदलल्याने मुलींची भूक कमी झाली. अशा वेळी नाना वाद घालत नाहीत. ते फक्त समोर बसून राहतात, शर्टाचं शेवटचं बटण सोडतात आणि एक उसासा टाकतात. दहा मिनिटांत यूपीआयचा आवाज येतो. माझं तर मत आहे, की याच माणसाने सरळ हात जोडून वसतिगृहासाठी मागितलं असतं तर पाव रक्कमही जमली नसती. लोकांना मुली दिसत नाहीत, नानांचं पोट दिसतं.

मॅरेथॉनला नाना दहा किलोमीटर धावले. ठाण्याहून पहाटेच्या लोकलने गेले. डब्यात सगळे छातीवर नंबर लावलेले, हातात केळी, कोणी मांड्यांना व्हॅसलीन चोळतोय. नानांनी तिथेही दोन माणसांकडून वर्गणी काढली. शर्यतीत ते धावले किती आणि चालले किती हे वहिनींनी विचारलं नाही. पूर्ण केल्याचं मेडल मिळालं, ते गळ्यात घालूनच ते घरी आले आणि तसेच झोपले.

दुसऱ्या दिवशी अंतिम वजन. घरच्या काट्यावर कुणाचाच विश्वास नव्हता, म्हणून पिठाच्या गिरणीतला काटा ठरला, वैधमापनाचा शिक्का असलेला. भुवयांपर्यंत पांढरा झालेला गिरणीवाला सवयीने म्हणाला, "डबा वजा करायचा का?" सीएंनी बूट काढायला लावले, मग पट्टा, मोबाइल, किल्ल्या, चष्मा. शेवटी त्यांचं लक्ष गळ्याकडे गेलं. सगळ्यांचे मिळून किलोमागे ६,५०० रुपये ठरलेले. मेडल धरलं दीडशे ग्रॅम, म्हणजे ते गळ्यात ठेवल्यास वसतिगृहाचं ९७५ रुपयांचं नुकसान. हजार रुपये लावलेल्या माणसाने हे दाखवून द्यावं हा सीएंचा खरोखर मोठेपणा, की सवय? नाना काट्यावर उभे. गव्हाचे डबे घेऊन मागे चार बायका ताटकळलेल्या.

"मेडल निघणार नाही," नाना म्हणाले. "९७५ माझ्याकडून लिहा."

मेडलसकट भरले ८८ किलो. मुलींना सौर दिवे आणि वर्षभराच्या वह्या आल्या. अधीक्षिकाबाईंनी आभाराचा फोन केला आणि बोलता बोलता संकोचून विचारलं, "सर, पुढच्या वर्षी स्वयंपाकघराच्या पत्र्याचं काम आहे. तुम्ही पुन्हा... म्हणजे तेवढं वजन शिल्लक असेल ना?"

नाना त्या प्रश्नाने गंभीर झाले. मे महिन्यात त्यांच्याकडे जेवायला होतो. ते आमरसाची तिसरी वाटी ओढून घेत असताना वहिनींनी डोळे वटारले, तर म्हणाले, "अगं, पत्रे महाग झालेत."