माळढोकवाले अण्णा

सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या कुठल्याही गावात उतरा, स्टँडसमोरच्या हॉटेलात एक अण्णा बसलेले असतातच. पांढरा कडक शर्ट, खिशाला दोन पेनं आणि मांडीवर रेक्झिनची पिशवी. गळ्यात कॅमेरा अडकवलेला नवखा माणूस दिसला की अण्णा पहिला चहा स्वतः सांगतात. दुसरा तुम्ही सांगायचा असतो. दोन्हींच्या मधे माळढोक येतो.

माळढोक म्हणजे मीटरभर उंचीचं, दहा-बारा किलोचं, रुबाबात चालणारं पाखरू. ते शेवटचं कधी पाहिलं, हे अण्णांना विचारू नये. पण अण्णांच्या आयुष्यातल्या प्रत्येक नुकसानीच्या जागी ते हजर असतं. गावात कारखाना आला नाही, माळढोक. रस्त्याला खड्डे, माळढोक. धाकट्याचं लग्न जमेना, तरी माळढोकच. “पोरीचा बाप सातबारा बगतो की ओ साहेब! त्यावर पाखराचा शेरा. म्हणतो, उद्या जावयानं घर बांधायचं काढलं तर फॉरेस्टला विचारायचं का?” धाकटा बारावीला तीनदा आपटला, ते पाखराच्या खाती कसं टाकायचं, यावर अण्णांचं अजून संशोधन चालू आहे.

तक्रार अगदीच हवेतली होती असं मात्र नाही. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. दोन अख्खे गोवे त्यात मावले असते आणि वर हजारभर चौरस किलोमीटर उरले असते. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, त्यांची गावठाणं, बाजारपेठा, उसाचे फड, सगळं अभयारण्यात. पाखराला बिचाऱ्याला उघडा माळ हवा होता. सरकारनं तालुके दिले. मग जमीन विकायची, एन.ए. करायची, खडी फोडायची, काहीही म्हटलं की ना-हरकत दाखला आणा. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आमच्या परवानगीशिवाय कुठलंच अभयारण्य मोडायचं नाही. झालं, फाईल दिल्लीला गेली आणि अण्णांच्या पिशवीला वजन आलं.

ती पिशवी एकदा नीट पाहण्यासारखी आहे. वर कोर्टाच्या आदेशाची झेरॉक्स, घड्यांवर चिकटपट्टी मारलेली. खाली राजपत्र, त्यावर बशीचे गोल डाग. सगळ्यांत खाली लॅमिनेशन केलेला नकाशा. त्यात अण्णांचा गट नंबर लाल पेनानं इतक्या वेळा गिरवलाय की तिथं भोकच पडायचं, लॅमिनेशननं वाचवलं. अण्णा शिकले सातवीपर्यंत, पण वन्यजीव कायद्याचं कलम अठरा ते सव्वीस तोंडपाठ. तहसीलमधला नवा क्लार्क अडला तर अण्णांनाच फोन करतो.

गंमत अशी की कागदावर एवढा बंदोबस्त असताना प्रत्यक्षात माळ हां हां म्हणता गेला. उजनीचं पाणी आलं, ऊस आला. द्राक्षांनी तर इथल्या नान्नज गावाचं नाव लांबवर नेलं. जो माळ उरला तो सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे कुणालाच नको असलेला. त्यावर वनखात्यानं काही ठिकाणी झाडं लावली. झाडं लावणं पुण्याचं काम, हरकत कोण घेणार? आता माळढोकाची मादी घालते एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर, आणि तिला चहूकडे लांबवर दिसावं लागतं. तिच्या दृष्टीनं ते पुण्यकर्म म्हणजे दारासमोर भिंत घालण्यातलाच प्रकार. जंगल हवं म्हणणारे आणि कारखाना हवा म्हणणारे गवताच्या बाबतीत मात्र एकमतानं आंधळे, असं माझं मत आहे. अण्णांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, “गवात काय, कुठंबी उगवतंय.”

तरी अण्णांना पाखराचा शत्रू म्हणणं अन्यायाचं होईल. सकाळी ते ‘अभयारण्य हटवा’ मोर्चात पुढं असत. दुपारी पुण्या-मुंबईचे फोटोग्राफर जीपमध्ये घालून माळावर नेत. जीप त्यांचीच, भाडं आगाऊ. माळढोक नाही दिसला तर काळवीट दाखवत, नशीब असेल तर लांडगा. परतताना गाडी एका माळाजवळ हमखास थांबे. चुन्यानं रंगवलेले दगड रांगेत पुरलेले असत. “फार्महाऊसचे प्लॉट हायती. आत्ता स्वस्तात घ्या, हप्त्यानं. अभयारण्य उठलं की बगा भाव.” बुकिंग घेताना मात्र शेऱ्याचा विषय अण्णांच्या तोंडून कधी निघाला नाही.

पुढं अभयारण्य खरंच आक्रसलं. सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनं १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. गावोगाव फटाके वाजले. अण्णांनी पेढे वाटले आणि संध्याकाळी यादी वाचली. चुलतभावाचा गट सुटला होता, अण्णांचा आतच राहिला होता. मधे फक्त बांध.

त्या रात्रीपासून अण्णा पक्षिमित्र झाले. देशभरच्या माळांवर मिळून दीडशेसुद्धा माळढोक उरले नाहीत, तेही बहुतेक राजस्थानात, जैसलमेरकडे, हे आता ते डोळ्यांत पाणी आणून सांगतात. आपल्याकडच्या गणनेत एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते, म्हणतात. चुलतभावानं बांधालगत गाळे काढायला घेतले, तसा अण्णांनी वनखात्याकडे अर्ज ठोकला: सदर गटात माळढोकाचा नित्य वावर असून त्यास पुनश्च संरक्षण मिळावे. सोबत मोबाईलवर काढलेला फोटो.

वनरक्षकानं फोटो मोठा करून पाहिला. पोरगा नवा होता, पण परीक्षा देऊन आलेला.

“अण्णा, हा करकोचा आहे. पांढऱ्या मानेचा.”

अण्णांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. मग पिशवी उघडली आणि खिशातलं पेन काढलं.

“बरं मग, करकोचा तर करकोचा. त्यालाबी राहायला जागा लागतीच की ओ. त्याचं कलम कुठलं, तेवढं सांगा.”